मशीन बोलायला लागलं, पण ऐकणार कोण? बेळगाव भागातल्या छोट्या उद्योगांसाठी मोबाईल आणि आयओटीची सुरुवात

खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत कुठल्याही दुकानात शिरा. गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन केला की गल्ल्याजवळचा छोटा डबा 'दोनशे चाळीस रुपये मिळाले' असं मोठ्याने सांगतो. कुणाचा मराठीत, कुणाचा कन्नडमध्ये, कुणाचा हिंदीत. त्या डब्याला स्वतःचं सिमकार्ड आहे, बॅटरी आहे, आणि दिवसभर तो कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरला जोडलेला असतो. आयओटी (इंटरनेट ऑफ थिंग्ज), म्हणजे इंटरनेटला जोडलेली यंत्रं, याचं एवढं सोपं उदाहरण दुसरं नाही. ते वापरायला दुकानदाराने कुठला कोर्स केला नाही. त्याचा प्रश्न एकच होता, पैसे आले का? पूर्वी त्याचं उत्तर मालकाच्या खिशातल्या फोनवर यायचं, आणि मालक जेवायला घरी गेला की नोकर आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे बघत उभे. आता नोकरालाही त्याच क्षणी कळतं. धंद्यात फरक पडला तो इथे.

कारखान्यातली आयओटी याच जातीची. तिथे पैशांऐवजी तापमान, दाब, करंट, पाण्याचा प्रवाह किंवा गाडी कुठे आहे ते कळतं. आणि 'एंटरप्राइज मोबिलिटी' या भारदस्त नावाखाली जे विकलं जातं ते म्हणजे ऑफिसातलं काम माणूस जिथे उभा आहे तिथे त्याच्या फोनवर आणणं. चलन, हजेरी, ऑर्डर, मंजुरी, स्टॉक, सगळं. पहिल्याने मशीनची बातमी मिळते, दुसऱ्याने ती योग्य माणसाच्या हातात पडते. यातलं एकच घेऊन थांबणाऱ्याचे पैसे बहुधा पाण्यात जातात, म्हणून इथे दोन्ही एकत्र घेतली आहेत.

उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या वर्कशॉपात नुकताच वडिलांच्या खुर्चीवर बसलेला मुलगा किंवा मुलगी, वडगावचे मागवाले, निपाणीचे तंबाखू व्यापारी, चिक्कोडी-अथणीकडचं दूध संकलन केंद्र, दोन-चार ट्रक असलेला ट्रान्सपोर्टवाला, ही मंडळी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळं खातंच असतं. त्यांनी हे नाही वाचलं तरी चालेल.

आधी वही, मग यंत्र

विक्रेता येईल, लॅपटॉप उघडेल आणि रंगीबेरंगी आलेख दाखवेल. त्याला बोलावण्याआधी एक वही घ्या आणि अख्खी एक शिफ्ट आवारात फिरा. कुणी कुणाला काही विचारलं की लिहून ठेवा. 'भट्टी कधी तयार होणार?' 'कोल्हापूरची गाडी कुठवर आली?' 'कालच्या हीटचा केमिकल रिपोर्ट आला का?' (हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेला धातू.) 'कॉम्प्रेसर कुणी बंद केला?' संध्याकाळी वही चाळा. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, किंवा ज्याचं उत्तर उशिरा मिळाल्यामुळे खिशाला चाट बसली, तिथून सुरुवात करायची. एकाच प्रश्नावर. दोन घेतलेत तर दोन्ही अर्धवट राहतील.

प्रश्न धंद्यागणिक बदलतो. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी, असलेल्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) तो बहुतेक वेळा विजेचा असतो. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते, म्हणजे हेस्कॉमचं, इथल्या वीज कंपनीचं, बिल हा मोठा खर्च. त्यात मॅक्सिमम डिमांड हा भाग नवख्यांच्या ध्यानात येत नाही. मीटर ठरावीक मिनिटांच्या, म्हणजे सहसा १५ किंवा ३० मिनिटांच्या, प्रत्येक टप्प्यातली सरासरी मागणी मोजतो आणि महिन्यातला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. मंजूर मागणीच्या वर गेलात की वरच्या भागाला जादा दर. महिनाभर नीट चालवलंत आणि एका दुपारी फर्नेस पूर्ण ताकदीवर असताना सँड प्लांट, शॉट ब्लास्टिंग आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी चालू झाले, तर त्या पाव तासाचे पैसे महिनाअखेरीस भरायचे. बिल हातात येईतो ती दुपार कुणाला आठवतही नसते. पॅनेलवर फोनशी जोडलेला एनर्जी मीटर असेल तर टप्पा संपायच्या आधी सुपरवायझरला मेसेज येतो, तो शॉट ब्लास्टिंग दहा मिनिटं थांबवतो, विषय संपला.

फर्नेसच्या कॉइलमधून जे थंड पाणी फिरतं त्यावरही सेन्सर लावता येतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाण्याचा प्रवाह तुटला की फर्नेस बंद करणारा इंटरलॉक फर्नेसला असतोच, आणि तो शाबूत असलाच पाहिजे. आयओटी त्याची जागा घेऊ शकत नाही. नेट गेलं म्हणून कॉइल जळायची थांबत नाही, आणि पाणी व वितळलेला धातू एकत्र आले तर जिवावर बेततं. फोनवरच्या आकड्याचं काम वेगळं. परतीच्या पाण्याचं तापमान गेल्या महिन्यापेक्षा तीन-चार अंश वर राहतंय, म्हणजे कूलिंग टॉवर साफ करायला झालाय, एवढं तो आधी सांगतो.

दूध केंद्रात प्रश्न रात्रीचा असतो. टाकीतलं दूध ४ अंशांपर्यंत खाली आलं का, वीज गेली तर जनरेटर लागला का. निपाणीच्या तंबाखू गोदामात तो हवेतल्या ओलाव्याचा. पान फार सुकलं तर हात लावताच चुरा, फार ओलं राहिलं तर बुरशी. दोन्ही ठिकाणी हजार-दोन हजारांचा सेन्सर पुष्कळ काम करतो.

आणि आठ माग एका खोलीत असतील, मालक स्वतः मधे उभा असेल, तर? मग काही घेऊ नका. कुठला माग थांबला हे त्याच्या कानाला आधी कळतं. ही जागा सेन्सरची नव्हे. माग तीन शेडमध्ये विभागले, मालक ऑफिसात बसू लागला, की पुन्हा विचार करा.

पहिल्यांदा एक कागद फोनवर आणा

सेन्सरच्या आधी फोन. कारण फोन लोकांच्या हातात आहेच, आणि कागद हरवल्याचा त्रास सगळ्यांना ठाऊक आहे.

सीमाभागात पहिला कागद कुठला घ्यावा हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. मालासोबत जाणारा. आपल्याकडे कास्टिंग उद्यमबागेत ओतलं जातं आणि मशीनिंगला शिनोळीला जातं, अंतर जेमतेम अर्ध्या तासाचं. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. ई-वे बिल म्हणजे माल हलवण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद. त्याची ५०,००० रुपयांची मर्यादा सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली असते, आणि तिथेच फसगत होते. एका राज्यातल्या मालकाने दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे (मजुरीवर काम करून देणाऱ्याकडे) माल पाठवला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतं. टेम्पोत वीस हजारांचे हाऊसिंग असले तरी लागतं. हे बिल ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर निघत असेल आणि क्लार्क सुट्टीवर असेल, तर टेम्पो गेटवर उभा. डिस्पॅचवाल्याच्या फोनवर ते काम आणा. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या टेम्पोत भरला तर नवा गाडी नंबर तिथल्या तिथे फोनवरून भरता येतो. ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून आहे आणि कर्नाटकाने राज्यांतर्गत मालालाही त्याच दिवशी ते लावलं. एवढी वर्षं झाली, तरी 'बिल मागून पाठवतो, तू हो पुढे' हे वाक्य अजून ऐकू येतंच.

व्हॉट्सॲप ग्रुपला नावं ठेवू नका. बहुतेक वर्कशॉपची खरी कार्यालयीन यंत्रणा तीच आहे आणि ती फुकट आहे. तिची अडचण शोधताना येते. चलनाचा फोटो सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांखाली गाडला जातो, आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाईक विचारतं की त्या खेपेत नग किती होते. म्हणून निरोपाला व्हॉट्सॲप राहू द्या, नोंद मात्र दुसरीकडे करा. सुरुवातीला गूगल फॉर्म पुरतो. तारीख, गाडी, पार्टी, नग, फोटो, बस्स. फॉर्म भरला की ओळ आपोआप शीटमध्ये पडते. महिनाभर माणसांनी हा फॉर्म कुरकुर न करता भरला तर मग पैसे देऊन ॲप घ्या. फुकटचा फॉर्म जे भरत नाहीत ते महागडं ॲपही भरणार नाहीत.

भाषेचा भाग बेंगळुरूच्या विक्रेत्याला समजत नाही, तो तुम्हालाच बघावा लागेल. एकाच मोल्डिंग शॉपमध्ये मिस्त्री मराठी बोलतो, पॅकिंगवाले कन्नड, आणि बिहार-ओडिशाकडून आलेली पोरं हिंदी. इंग्रजी ॲप सगळ्यांना सारखंच परकं. दोन भाषांत लेबल असलेलं, जमल्यास चित्रांचं आणि आकड्यांचं ॲप निवडा. लिहिण्याऐवजी बोलून नोंद करायची सोय असेल तर फारच बरं. खरेदीआधी साधी परीक्षा घ्या: ज्या हमालाने ते ॲप आधी पाहिलेलं नाही त्याच्या हातात फोन द्या, काही समजावू नका, आणि एक नोंद करायला सांगा. त्याला जमलं तर घ्या.

मग फोन कुणाचा, हा प्रश्न. कामगाराच्या स्वतःच्या फोनवर कंपनीचं काम चालणार असेल तर अँड्रॉइडमधल्या वर्क प्रोफाइलचा पर्याय बघा. कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात, माणूस नोकरी सोडून गेला की तेवढा कप्पा पुसता येतो, आणि त्याच्या मुलीच्या बारशाच्या फोटोंना धक्का लागत नाही. फोन कंपनीचा असेल तर सिम कंपनीच्या नावावर घ्या. गिऱ्हाइकं ज्या नंबरवर ऑर्डर देतात तो नंबर सेल्समनच्या स्वतःच्या नावावर असला, तर तो गेला की ऑर्डरीही त्याच्यामागून जातात. हे इथे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडलेलं आहे.

ड्रायव्हरचं लोकेशन ड्युटीपुरतंच बघा, आणि बघतो आहोत हे त्याला सांगून बघा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माणसाच्या माहितीच्या वापरावर बंधनं आहेतच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, रविवारी तो यल्लम्माच्या डोंगरावर गेला की सौंदत्तीत मटण खायला, हे मालकाला कळायचं कारण नाही. विश्वास एकदा उडाला की ड्रायव्हर फोन बंद ठेवतो, आणि सोमवारीही तुम्हाला काही कळत नाही.

पहिला सेन्सर कॉम्प्रेसरवर

वहीतल्या प्रश्नाने दुसरीकडे बोट दाखवलं तर तिकडे जा. काहीच ठरत नसेल तर कॉम्प्रेसर. तो जवळपास प्रत्येक वर्कशॉपात आहे, वीज खातो, आणि तो काय करतोय इकडे कुणाचं लक्ष नसतं.

लायसन्सधारक वायरमनकडून पॅनेलमध्ये एक एनर्जी मीटर बसवून घ्या, आरएस-४८५ पोर्ट (दुसऱ्या यंत्राला वायरने आकडे द्यायची जोडणी) असलेला. असे मीटर मॉडबस नावाच्या भाषेत बोलतात. ही भाषा १९७९ पासूनची आहे, आणि जुनी असल्याने तिच्यात काम करणारा माणूस आणि यंत्र दोन्ही सहज मिळतात. मीटरपासून एक छोटा गेटवे, म्हणजे मीटरचे आकडे इंटरनेटवर पाठवणारा डबा, आणि गेटवेपासून वायफाय किंवा सिम. करंट मोजायला वायरभोवती जी सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) बसते ती उघडणारी घेतली तर चालू केबल तोडावी लागत नाही. मात्र साध्या पाच अँपिअरच्या सीटीची दुसरी बाजू लोड असताना उघडी सोडायची नाही, तिथे घातक व्होल्टेज तयार होतं. म्हणून यूट्यूब बघून पॅनेलमध्ये हात घालू नका, कितीही सोपं वाटलं तरी.

शिकण्यासाठी ईएसपी३२ सारखा बोर्ड काही शे रुपयांत येतो आणि घरच्या टेबलावर मजा येते. त्याच्यासोबत डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर घ्या, उणे ५५ ते १२५ अंश मोजतो. पण उघडा बोर्ड फौंड्रीच्या काळ्या धुळीत फार दिवस जगत नाही. शेडमध्ये लावायचा माल बंद पेटीतला, डिन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसणारा घ्या. सेन्सरची केबल शील्डवाली हवी आणि ती फर्नेसच्या पॉवर केबलच्या शेजारून न्यायची नाही, नाहीतर भट्टी चालू झाली की आकडे नाचायला लागतात आणि दोष सेन्सरवर येतो. एप्रिल-मे मध्ये वळीव येतो तेव्हा विजेबरोबर सर्जही, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटकाही, येतो. सर्ज प्रोटेक्शन आणि चांगलं अर्थिंग यांवर केलेला खर्च पहिल्याच वळवात वसूल होतो.

आता गंमत. सुट्टीच्या दिवशी, सगळी मशीनं बंद असताना, कॉम्प्रेसर अर्धा तास चालू ठेवा आणि फोनवर करंटचा आलेख बघा. हवा कुणीच वापरत नाही, तरी दर दोन-तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर लोड घेतो, रेषा वर चढते, परत खाली येते, परत वर. जितका वेळ वर, तितकी गळती. नीट देखभाल नसलेल्या कारखान्यांत तयार केलेल्या हवेतली २० ते ३० टक्के अशी गळून जाते, हे जगभर मानलेलं प्रमाण आहे. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन लाइनवरून चालत जा. बुडबुडे दिसले त्या सांध्याला लाल रिबन बांधा. बहुतेक रिबन होजपाइपच्या क्लॅम्पवर, ब्लो गनच्या जोडावर आणि कुणी तरी कधीकाळी अर्धवट बंद केलेल्या ड्रेनवर बांधल्या जातील. दुरुस्तीनंतर पुन्हा अर्धा तास तोच आलेख. दोन्ही आलेख प्रिंट करून मेंटेनन्सच्या खोलीत लावा. यानंतर दाब एक बार कमी करता आला तर विजेत आणखी सहा-सात टक्के वाचतात, कारण बरेच जण गळतीची भरपाई दाब वाढवून करत असतात.

बघा, या सगळ्यात सेन्सरने काय केलं? रेषा दाखवली. पैसे वाचवले ते रिबन बांधणाऱ्याने.

नेटवर्क

शेडच्या आत वायफाय पुरतं. दूरच्या पंपाला, विहिरीला, गोदामाला सिम. पसरलेल्या आवारात पुष्कळ छोटे सेन्सर असतील तर लोरा, म्हणजे कमी बॅटरीत लांबवर थोडे आकडे पाठवणारी रेडिओ पद्धत, हा पर्याय आहे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी परवान्याविना मोकळा आहे, फक्त उपकरण मान्यताप्राप्त घ्या. सिमवर चालणारं यंत्र घेताना ते फक्त २जीवर चालतं का ते विचारा. जिओकडे २जी नाहीच, आणि बाकीचे किती वर्षं चालवतील याचा भरवसा धरू नये. ४जीचं घ्या.

सीमेची खोच वेगळी आहे. मोबाईल कंपन्यांच्या विभागणीत बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, कागल-चंदगड आणि गोवा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. ट्रक कोगनोळी नाका ओलांडून कागलकडे गेला की सिम रोमिंगमध्ये जातं. रोमिंगला आता जादा पैसे पडत नाहीत, पण यंत्रात 'डेटा रोमिंग' बंद असेल तर डेटा थांबतो. नकाशावर गाडी कोगनोळीलाच उभी दिसते, मालक ड्रायव्हरवर ओरडतो, आणि ड्रायव्हर बिचारा साताऱ्याच्या पुढे पोचलेला असतो. निपाणी आणि शिनोळीच्या आसपास तर जागेवर बसवलेलं यंत्रही कधी इकडचा टॉवर पकडतं, कधी तिकडचा. म्हणून ट्रॅकर असो की गेटवे, पहिल्याच दिवशी ही सेटिंग चालू करून घ्या.

गोव्याला माल जात असेल तर आणखी एक. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटात शिरलं की नेटवर्क बराच वेळ गुल. ट्रॅकरला स्वतःची मेमरी हवी, म्हणजे मधल्या नोंदी तो साठवतो आणि खाली साखळीकडे टॉवर मिळाला की एकदम पाठवतो. विकणारा 'आहे की' म्हणेल. मोटारसायकलवर ट्रॅकर बांधून घाटातून एक चक्कर मारा आणि नकाशावर रेषा अखंड येते का ते स्वतः बघा.

अलार्म वाजला, उठायचं कुणी?

हा भाग नीट वाचा. इतर सगळं विक्रेता करून देईल, हे त्याला करता येत नाही.

होतं असं: सेन्सर बसतात, आणि अलार्म सगळ्यांनाच जावा म्हणून बारा जणांचे नंबर घातले जातात. मालक, भाऊ, मॅनेजर, दोन सुपरवायझर, मेंटेनन्सचे सगळे. मग रात्री खरंच काहीतरी होतं आणि सकाळी असा संवाद ऐकू येतो:

'मामा, रात्री दोनला अलार्म आलेला की.'

'आलेला की. मला वाटलं तुम्ही बघितलासा, म्हणून मी गप.'

बारा जणांचा अलार्म कुणाचाच नसतो. एका अलार्मला एक नाव द्या. त्याने दहा मिनिटांत 'बघतो' हे बटण दाबलं नाही तर दुसऱ्या नावाला फोन, मेसेज नव्हे. तिसरं नाव मालकाचं. रात्रपाळीचा माणूस बदलतो तसं नावही बदललं पाहिजे, म्हणून आठवड्याचा तक्ता करा आणि तो पॅनेलशेजारी चिकटवा. आणि प्रत्येक अलार्मपुढे एका ओळीत काय करायचं ते लिहा. 'पाण्याचं तापमान वर: आधी पंप बघ, मग स्ट्रेनर (गाळणी), मग अमुकला फोन.' ज्या अलार्मपुढे अशी ओळ लिहिता येत नाही तो काढून टाका.

मर्यादा ठरवतानाही डोकं लावावं लागतं. दूध टाकीचंच घ्या. ५ अंशांच्या वर गेलं की अलार्म, असं सेट केलंत तर रोज सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळी तो वाजणारच, कारण ताजं दूध कोमट असतं आणि टाकीत पडलं की तापमान चढतं. चार दिवसांत केंद्रचालक फोन सायलेंटवर टाकेल. पाचव्या रात्री वीज जाईल. त्याऐवजी अट अशी ठेवा: संकलन संपून तीन तास झाले तरी तापमान ४ अंशांजवळ आलं नाही, किंवा खाली आलेलं तापमान मध्यरात्री पुन्हा चढायला लागलं. असा अलार्म क्वचित वाजतो, आणि वाजला की माणूस उठतो.

माणसांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त धास्ती जुन्या फोरमनला वाटते. तीस वर्षं मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणाऱ्या माणसासमोर कोणी पंचविशीतला पोरगा टॅबलेट धरतो. साहजिक आहे. म्हणून सेन्सर कुठे लावायचा हे त्यालाच विचारा, आलेख पहिल्यांदा त्याला दाखवा, आणि पहिला महिना त्या आकड्यांवरून कुणाचाही पगार कापायचा नाही असं सगळ्यांसमोर सांगा. एकदा दंड झाला की सेन्सरवर गोणपाट पडायला, वायर 'उंदराने' तोडायला वेळ लागत नाही.

मालकांनाही एक विनंती. सगळं फोनवर दिसायला लागलं की लग्नाच्या पंगतीत बसून कॉम्प्रेसरचा दाब बघायची सवय लागते, आणि दर दहा मिनिटांनी सुपरवायझरला फोन जातो. त्याने निर्णय घ्यावा म्हणून हे सगळं केलं होतं ना? घेऊ द्या की.

कुलूप

२०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी काही मोठी हुशारी लागली नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. तुमच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड आत्ता काय आहे? बसवणाऱ्या पोराला विचारावं लागत असेल तर आजच बदला.

मशीनसाठी वेगळं वायफाय ठेवा, टॅलीच्या कॉम्प्युटरचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. साध्या राउटरमध्येही ही सोय असते. पहिलं वर्षभर फक्त बघायचं, फोनवरून मशीन चालू-बंद करायचं नाही. विक्रेता ही सोय हौसेने दाखवेल. पण तुम्ही मारुती गल्लीतून बटण दाबता तेव्हा मच्छेत त्या कन्व्हेयरमध्ये कुणाचा हात असेल हे फोनला दिसत नाही. दुरुस्तीच्या वेळी आयसोलेटर (मशीनचा वीजपुरवठा तोडणारा मेन स्विच) बंद करून त्याला खरं लोखंडी कुलूप लावायचं आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात, हा नियम आयओटी आल्यावर जास्तच कडक करा.

गिऱ्हाईक काय बघतं

पुण्याच्या वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना याचा फायदा वेगळ्याच ठिकाणी दिसतो. कास्टिंगमध्ये दोष निघाला की पहिला प्रश्न हीट नंबरचा येतो: कुठल्या दिवशी, किती तापमानाला ओतलं, केमिकल काय होतं. माळ्यावरच्या फायली उपसायला दोन दिवस गेले तर गिऱ्हाईक अख्खी खेप परत पाठवतं. प्रत्येक हीटची नोंद फोनवर आणि तापमान थेट पायरोमीटरमधून (वितळलेल्या धातूचं तापमान मोजणाऱ्या यंत्रातून) आलेलं असेल, तर संशय तेवढ्या एका हीटपुरता मर्यादित ठेवता येतो, बाकीचा माल वाचतो. नवी ऑर्डर मिळवताना दाखवायलाही हेच रेकॉर्ड कामी येतं. माझ्या मते छोट्या फौंड्रीने पैसे घालायची ही सगळ्यात चांगली जागा आहे, वीजबचतीपेक्षाही.

विकत घेताना

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं प्रोजेक्ट म्हणून स्वस्तात करून देतात. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालयच बेळगावात, मुलांना तोटा नाही. प्रयोगाला जरूर बोलवा, पण मुलं पास होऊन बेंगळुरूला जातात आणि कोड कुठे ठेवलाय हे कुणालाच ठाऊक नसतं. कायमचं काम असेल तर सर्किट, कोड आणि पासवर्ड तुमच्याकडे लेखी हवेत, आणि ते समजणारा तुमचा एक आयटीआयवाला इलेक्ट्रिशियन पहिल्या दिवसापासून त्या मुलांसोबत बसलेला हवा.

कंपनीकडून घेणार असाल तर यंत्राच्या किमतीपेक्षा वर्षाच्या वर्गणीकडे बघा, पाच वर्षांचा हिशोब मांडा. बिघाड झाला तर माणूस कुठून येणार, पुण्याहून की हुबळीहून, आणि किती दिवसांत? सिम कुणाच्या नावावर? तुमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये हवा तेव्हा काढता येतो का, हे तोंडी ऐकू नका, समोर बसवून काढून घ्या. यंत्र एमक्यूटीटी (इंटरनेटवरून आकडे पाठवायची पद्धत) किंवा मॉडबससारख्या खुल्या पद्धतीने बोलतं का, तेही विचारा. म्हणजे उद्या ती कंपनी बंद पडली तर तेच यंत्र दुसऱ्याच्या सर्व्हरला जोडता येईल, भिंतीवर नुसता डबा राहणार नाही. ॲडमिनचा पासवर्ड हातात येईपर्यंत शेवटचे दहा टक्के पैसे थोपवून धरा.